गुरांचा दूरचा प्रवास

मनुष्य प्रवासास निघावयाचा झाला म्हणजे आठ दिवस आधीं घरांत तयारी सुरू होते. फराळाचे डबे, पाण्याचें भांडें, अंथरूण-पांघरूण, वडील माणसांचीं औषधें, सर्वांची आठवण मंडळी एकमेकांस करून देतात. पण त्याच घरची गाय किंवा बैलजोडी दूर न्यावयाची असली, तर एक दावें व एक गाडी एवढ्यानें काम भागलें असें आपण समजतों. वास्तविक आपली गैरसोय बोलून दाखविण्याची शक्ति माणसास आहे, गुरांस नाहीं. म्हणून त्यांच्या प्रवासाचा विचार अधिकच काळजीनें झाला पाहिजे.

ज्यांच्या गांवीं शेतीवाडी आहे त्यांस हा प्रसंग नवा नाहीं. घरच्या दुधाच्या हौसेनें काठेवाडांतून गीर गाय आणविणारीं, किंवा खरसुंडी, पुसेगांव येथील यात्रेच्या बाजारांतून खिलारी खोंड घेणारीं कुटुंबें आजही आहेत. आमच्या माहितीच्या एका घरीं अशीच एक दुभती गाय दुरून आणली. बाजारांत तिचें दूध डोळ्यांदेखत काढून दाखविलें होतें. घरीं आल्यावर मात्र ती त्याच्या निम्मेंही देईना. वडील मंडळींनीं विकणारास दोष दिला. पशुवैद्यानें येऊन एकच प्रश्न विचारला, "वाटेंत पाणी किती वेळां पाजलें?" त्यास कोणासच उत्तर देतां येईना. दोष विकणाराचा नव्हता, गाईचाही नव्हता. तो प्रवासाचा होता.

हें कसें घडतें तें पाहूं. दुधाच्या शंभर भागांत सुमारें ८७ भाग पाणी असतें, आणि उन्हाळ्यांत दुभती गाय दिवसाकाठीं ५० लिटरांहून अधिक पाणी सहज पिते. तें तुटलें कीं दूध आटावयाचेंच. शिवाय चालत्या गाडींत गुरें सहसा बसत नाहींत. प्रत्येक वळणास व गचक्यास चारी पायांवर तोल सांभाळीत उभीं राहतात. तासन्तास असें चाललें म्हणजे अंग गळून जातें. अशा वेळीं निसरड्या तळावर पाय घसरून जनावर खालीं आलें आणि गाडींत दाटी असली, तर तें सोबत्यांच्याच पायांखालीं सांपडतें. भीति आणि थकवा यांनीं रोगाशीं झगडण्याची शक्तिही क्षीण होते. घटसर्पाचे जंतु कित्येक निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशांत दबून असतात; प्रवासाच्या शिणानें ते उचल खातात आणि गोठ्यांत पाऊल टाकल्यावर चार दिवसांत होत्याचें नव्हतें होतें.

या बाबतींत आपले पूर्वज बेफिकीर नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गोऽध्यक्षाच्या कर्तव्यांचें स्वतंत्र प्रकरण आहे. गुरें पाण्यावर उतरवावयाचीं तीं कोठें, हेंही त्यांत सांगितलें आहे: उतार सपाट असावा, चिखल नसावा, पाण्यांत मगरी नसाव्यात. भित्र्या गुरांच्या गळ्यांत घंटा बांधावी, म्हणजे सर्प व श्वापदें दूर राहतील आणि गुरें कोठें चरत आहेत तेंही कळेल, असाही निर्देश आहे. दया ही अशा बारीकसारीक गोष्टींतूनच प्रत्यक्षांत उतरत असते.

आतां व्यवहाराकडे वळूं. घटसर्प आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसी निघण्यापूर्वीं तीन आठवडे तरी टोंचून घ्याव्यात. आजारी, नुकतीच व्यालेली किंवा दिवस भरत आलेली गाय दूर नेऊंच नये. निघतांना चारा-पाणी देऊन मग गाडींत चढवावें. येथेंच पुष्कळ ठिकाणीं शेपूट पिरगळण्याचा दुष्ट प्रकार चालतो. अमेरिकेंतील विदुषी टेंपल ग्रँडिन यांनीं दाखवून दिलें आहे कीं, गुरूं अडतें तें हट्टानें नव्हे; जमिनीवरची सांवली, लोंबणारी सांखळी किंवा डोळ्यांवर येणारी तिरीप यांस तें बिचकतें. तें कारण दूर केलें आणि चढण बेताची व खरबरीत ठेवली, तर जनावर आपण होऊन चढतें.

आपल्या देशांतील १९७८ च्या पशुवाहतूक नियमांतही हेंच शहाणपण आहे. पशुवैद्याचा दाखला असावा; मालमोटारींत सहापेक्षां अधिक गुरें नसावींत; प्रत्येकास निदान दोन चौरस मीटर जागा मिळावी; तळावर काथ्याची चटई किंवा लांकडी फळ्या असाव्यात; तोंडें इंजिनाकडे असावींत; बरोबर एक राखणदार असावा. पायीं नेण्याविषयीं २००१ चे नियम निराळे आहेत. गाईस दिवसांत आठ तास आणि ३० किलोमीटर, म्हशीस २५ किलोमीटर, ही मर्यादा. दर दोन तासांनीं पाणी, दर चार तासांनीं चारा. आणि सूर्यास्तानंतर चालविणें वर्ज्य. म्हशीस घाम कमी येतो व तिची कातडी काळी असते, म्हणून तिला दुपारचें ऊन विशेष बाधतें, हें ध्यानांत ठेवावें.

घरीं पोंचलें म्हणजे प्रवास संपला असें मानूं नये. जनावरास सांवलींत बांधावें, पाणी प्रथम थोडें थोडें द्यावें, मग सुका चारा घालावा. आंबोणाची घाई करूं नये. मूळच्या ठिकाणचा थोडा चारा बरोबर आणून नवा चारा त्यांत हळूहळू मिसळावा. नवें जनावर तीन आठवडे वेगळें बांधावें. २०२२ सालीं लम्पीच्या सांथींत महाराष्ट्रांत गुरांचे बाजार व ने-आण बंद करावी लागली होती. बाहेरून आलेल्या एका जनावरापायीं सारा गोठा कसा धोक्यांत येतो, हें तेव्हां सर्वांस कळलें.

यांत खर्चाचें असें फारसें कांहीं नाहीं; लक्ष मात्र हवें. घरांतील एखाद्या जाणत्या माणसानें गाडीबरोबर जावें आणि पाण्याच्या वेळा लिहून ठेवाव्यात, एवढें केलें तरी पुष्कळ अनर्थ टळतील. गाडी भाड्यानें ठरवितां येते, जबाबदारी तशी दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं. ज्या गाईचें दूध घरांतील मुलांच्या मुखीं जावयाचें, तिची वाटेंतील तहान ही घराचीच तहान आहे, असें प्रत्येक गृहस्थानें समजावें.