शेवटच्या रकान्यातले आठवडे

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, म्हणजे एएफएलचा मोसम सुरू असला की दर मंगळवारी दुखापतींची यादी येते. खेळाडूचं नाव, काय दुखावलंय ते, आणि शेवटच्या रकान्यात किती आठवडे. तिथे ‘टेस्ट’ लिहिलं असेल तर शनिवारी तो खेळेलही. ‘टीबीसी’ म्हणजे अजून काहीच नक्की नाही. ‘सीझन’ म्हणजे यंदाचा विषय संपला. लाडक्या खेळाडूचा आकडा चारवरून सहावर गेलेला दिसला की शनिवारी जिंकलेल्या सामन्याचा आनंदही फिका पडतो.

चाहत्यांची ही आशा खरी असते आणि अंथरुणाला खिळलेल्या खेळाडूला तिची गरजही असते. पण त्या आशेला काही समजुती चिकटून बसल्या आहेत. तो शेवटचा रकाना अंदाज असतो. आपण त्याला शब्द दिल्यासारखा धरतो. मग तारीख चुकली की कुणी डॉक्टरांना नावं ठेवतं, कुणी खेळाडूच्या जिद्दीवर शंका घेतं. त्या समजुतींचं ओझं शेवटी त्याच्याच दुखऱ्या पायावर येतं, म्हणून त्या एकदा नीट तपासून पाहायला हव्यात.

त्यासाठी एकच संघ पुरेसा आहे : २०१२चा सिडनी स्वान्स. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर (एमसीजी) त्या वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी हॉथॉर्नला १० गुणांनी हरवून विजेतेपद मिळवलं. त्या एका संघात मोडलेल्या आणि सावरलेल्या पायांच्या इतक्या गोष्टी आहेत की बाहेर जाण्याची फारशी गरजच पडत नाही.

आधी खेळाविषयी थोडं. तिकडे त्याला लाडाने ‘फुटी’ म्हणतात. एका बाजूला १८ खेळाडू, चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचंच आणि तेही लंबगोल. ऑफसाइड नाही, त्यामुळे अंगावर येणारा माणूस कुठूनही येऊ शकतो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर पळतो. आणि या खेळाचं वैभव म्हणजे ‘मार्क’ : प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून उंच झेपावायचं आणि चेंडू हवेतच झेलायचा. वर जाताना तो पक्षी वाटतो. खाली येताना सगळा भार एका पायावर येतो.

‘कुणीतरी धडक दिली म्हणून गुडघा गेला’

बहुतेक वेळा कुणी धडक दिलेलीच नसते. गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये तिरका जाणारा तीन-साडेतीन सेंटीमीटरचा एक पट्टा असतो. त्याचं लांबलचक नाव अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, पण जगभर एसीएल म्हणूनच ओळखतात. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला पीळ पडू न देणं हे त्याचं काम. धावता धावता झटकन दिशा बदलताना किंवा एका पायावर उतरताना पाऊल जमिनीत रुततं, शरीर वळतं, गुडघा आत झुकतो आणि तो पट्टा तुटतो. आपल्याकडच्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचा गुडघा असाच जातो.

टीव्हीवर नंतर दिसतं ते असं : खेळाडू बाकावर आडवा, फिजिओ त्याचा गुडघा किंचित वाकवतो, एका हाताने मांडी धरतो आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतो. एसीएल शाबूत असेल तर नडगी जराशी सरकून टक्कन अडते, दाव्याला हिसका बसून गाय थांबते तशी. तुटलेलं असेल तर ती अडत नाही, नुसती मऊ सरकत राहते. मग फिजिओ दुसरा, चांगला गुडघा ओढून पाहतो, आणि खेळाडू टॉवेल तोंडावर घेतो. स्कॅन दुसऱ्या दिवशी होतो, पण त्या बाकावर दोघांनाही बरंचसं कळून चुकलेलं असतं.

धडकेनेच पाय गेल्याची उदाहरणंही आहेत. स्वान्सचा गॅरी रोहन याचा पाय एप्रिल २०१२मध्ये सिडनीच्या मैदानावर मोडला. नॉर्थ मेलबर्नचा खेळाडू चेंडूसाठी जमिनीवरून घसरत आला आणि रोहनच्या पायावर आदळला. पुढच्याच वर्षी लीगने नियम बदलला : गुडघ्याखाली जोरात आदळणाऱ्याविरुद्ध फ्री किक. एका पायाची किंमत मोजून आलेला नियम म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. रोहन मात्र त्या सप्टेंबरची अंतिम लढत खेळू शकला नाही.

‘अमका फाटक्या लिगामेंटवर खेळला, मग याला काय झालं?’

हा प्रश्न मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, आणि त्याचं मूळही २०१२च्या त्याच अंतिम सामन्यात सापडतं. स्वान्सचा सहकर्णधार अॅडम गुड्स याच्या गुडघ्यातलं लिगामेंट दुसऱ्या सत्रात फाटलं. तरीही तो शेवटपर्यंत खेळला आणि अखेरच्या टप्प्यात मोलाचा गोलही त्याने केला. त्याच्या धैर्याविषयी शंकाच नाही. पण त्याचं फाटलं होतं ते पोस्टिरियर क्रुशिएट, म्हणजे एसीएलच्या मागचं जाड भावंड. ते नडगीला मागे जाण्यापासून रोखतं, आणि ते काम काही प्रमाणात मांडीच्या पुढचे दणकट स्नायू अंगावर घेऊ शकतात. त्या इजेत कित्येकदा शस्त्रक्रियाही लागत नाही. एसीएल गेलेल्या खेळाडूने वळायचा प्रयत्न केला तर गुडघा खालून निसटतो आणि आतल्या कूर्चेच्या गाद्याही फाटतात. दोन्ही बातम्यांमध्ये ‘गुडघ्याचं लिगामेंट’ एवढंच छापून येतं आणि तुलना सुरू होते.

‘ऑपरेशन झालं, आता नऊ महिन्यांनी गुडघा नवा’

एसीएलच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत तुटलेला पट्टा शिवून जोडत नाहीत. खेळाडूच्याच मांडीमागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाचा तुकडा काढतात, हाडांत बोगदे पाडतात आणि तो तिथे बसवतात. त्याला ग्राफ्ट म्हणतात. आता हा तुकडा रक्तपुरवठ्यापासून तुटलेला असतो. शरीर त्याच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी भरतं, त्याची वीण बदलतं, आणि या उलथापालथीत तो आधी कमकुवत होतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो बराच नाजूक असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि खेळाडूला वाटतं, आपण पळू शकू. सरावाच्या मैदानाकडेने चालत जाणारा तो दिसला की आपणही म्हणतो, बघा, किती लवकर सावरला!

डेलावेअर आणि ओस्लो इथल्या संशोधकांनी अशा रुग्णांचा माग ठेवला. २०१६मध्ये त्यांनी मांडलं की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवावं, तितका दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा दर सुमारे ५१ टक्क्यांनी घटतो. पण नववा महिना उजाडला म्हणजे परवाना मिळाला असंही नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली का, एका पायावरची उडी तितकीच लांब जाते का, उतरताना गुडघा आत झुकतो का, हे सगळं मोजतात. काही जण या परीक्षा नऊ महिन्यांत पार करतात, काहींना वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त.

मग ‘तो तर तीन महिन्यांत परतला होता’ हे कुठून आलं? तेही सिडनीतूनच. निक माल्सेस्कीचा गुडघा २००८च्या मोसमाच्या तोंडावर गेला आणि त्याने लार्स नावाचं कृत्रिम लिगामेंट बसवून घेतलं. कृत्रिम धाग्यांना पेशी भरण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून तो साधारण तीन महिन्यांत मैदानात आला. एएफएलमध्ये हा प्रयोग करणारा तो पहिला. २०१२च्या अंतिम सामन्यात विजयावर शिक्कामोर्तब करणारा शेवटचा गोल त्याच्याच पायातून आला, तेव्हा ही जादूच आहे अशी चाहत्यांची खात्री पटली असली तर नवल नाही. पण दुसऱ्या काही खेळाडूंची कृत्रिम लिगामेंट तुटली, आणि पुढे या पद्धतीकडे ओढा राहिला नाही. माल्सेस्कीचा गोल खरा आहे. त्यावरून सगळ्यांचं वेळापत्रक मांडणं चूक आहे.

याच्या उलट बाजूचीही एक समजूत आहे : तुटलेलं एसीएल आपलं आपण कधीच जुळत नाही. डॉक्टरही बरीच वर्षं असंच सांगत. सिडनीचे डॉक्टर टॉम क्रॉस यांनी मात्र गुडघा ९० अंशांत वाकवून चार आठवडे पट्ट्यात जखडून ठेवायचा आणि मग बाराव्या आठवड्यापर्यंत तो टप्प्याटप्प्याने मोकळा करायचा, अशी पद्धत मांडली. त्यामुळे तुटलेली टोकं जवळ राहतात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८० रुग्णांपैकी ९० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये तीन महिन्यांनी जुळल्याच्या खुणा दिसल्या. तरीही स्कॅनमध्ये जुळलेलं दिसणं आणि एमसीजीवर झेप घेऊन उतरण्याइतकं दणकट असणं यात अंतर आहे.

‘जिद्द असली की माणूस परततोच’

इथे मला अॅलेक्स जॉन्सनबद्दल सांगायलाच हवं. २०१२च्या विजेत्या संघात तो वीस वर्षांचा बचावपटू होता. २०१३च्या मोसमपूर्व सामन्यात त्याचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, तो सावरला, पुन्हा गेला. पुन्हा शस्त्रक्रिया. एकाच गुडघ्याच्या पाच पुनर्रचना झाल्या. संघाने त्याला सोडलं नाही आणि तो राखीव संघातून पुन्हा पुन्हा उभा राहिला. ऑगस्ट २०१८मध्ये, २१००हून जास्त दिवसांनी, तो सिडनीच्या मैदानावर कॉलिंगवूडविरुद्ध पुन्हा मुख्य संघाची लाल-पांढरी जर्सी घालून उतरला. स्वान्सनी तो सामना निसटता जिंकला. त्या दिवशी प्रेक्षकांत मोठी माणसं रडली असतील तर ते अगदी साहजिक होतं.

पुढच्याच आठवड्यात मेलबर्नविरुद्ध खेळताना त्याचं एसीएल पुन्हा तुटलं. या वेळी उजव्या गुडघ्यातलं.

जिद्दीत त्याच्या पासंगाला पुरणारे खेळाडू मला फार आठवत नाहीत. तरी गुडघ्याने ऐकलं नाही. जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१४मध्ये मांडला गेला, तो असा : एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळात परततात, सुमारे ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर, आणि स्पर्धात्मक खेळात फक्त ५५ टक्के. पंचविशीच्या आतल्या, परतून खेळणाऱ्या खेळाडूंमध्ये जवळपास चारातल्या एकाचं एसीएल पुन्हा जातं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या. दुसऱ्या पायाचं का, असं लोक विचारतात. दुखरा पाय जपताना चांगल्यावर जास्त भार येतो हे एक कारण. आणि ज्या सवयीने पहिला गुडघा गेला ती पळण्या-उतरण्याची सवय दोन्ही पायांची असते, हे दुसरं. म्हणून परत न आलेल्याला ‘मनाने खचला’ म्हणणं बंद व्हायला हवं. परतीची भीती हीसुद्धा इजेचाच भाग आहे आणि चांगले संघ तिच्यावर उपचार करतात.

महिलांच्या लीगबद्दलही इथेच बोलतो. २०१७मध्ये सुरू झालेल्या एएफएलडब्ल्यूमध्ये एसीएल जाण्याचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आहे, आणि ‘बायकांचं शरीर या खेळासाठी नाही’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. शरीररचनेचा वाटा आहे. पण मुलग्यांना लहानपणापासून पडायला, उडी मारून उतरायला शिकवतात तसं यातल्या कित्येक जणींना कुणी शिकवलंच नव्हतं. लीग सुरू झाली तेव्हा त्या अर्धवेळ मानधनावर, नोकरी सांभाळून सराव करत होत्या. उतरण्या-वळण्याचं तंत्र घोटून घेणाऱ्या सरावाने या इजा कमी होतात, हे इतर खेळांत दिसून आलेलं आहे. २०१९च्या अंतिम सामन्यात अॅडलेडच्या एरिन फिलिप्सचा गुडघा गेला, तेव्हा मैदानातले ५३,०३४ प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती परतली आणि २०२२मध्ये तिने पुन्हा विजेतेपद मिळवलं.

डोक्याच्या माराला यातलं काहीच लागू होत नाही. तिथे ग्राफ्ट नाही, उडीची परीक्षा नाही. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ याला सप्टेंबर २०२३मध्ये डोक्याला मार बसला आणि पुढच्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या सल्ल्याने तो निवृत्त झाला. चाहत्यांनी अशा वेळी ‘परत ये’ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

‘फायनल आहे, थोडा दुखत असला तरी खेळवा’

२०२२ची ग्रँड फायनल : जीलाँग विरुद्ध सिडनी. आदल्या आठवड्यात जीलाँगच्या तरुण मॅक्स होम्सच्या मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दुखावला होता. एएफएलमध्ये सर्वांत जास्त सतावणारी इजा हीच. त्याला खेळायचं होतं, पण संघाने त्याला वगळलं. सिडनीच्या सॅम रीडला जांघेच्या स्नायूचं दुखणं होतं. तो २०१२च्या विजेत्या संघातला जुना गडी. त्याच्यावर विश्वास टाकून सिडनीने त्याला उतरवलं. तिसऱ्या सत्रात त्याला बाहेर घ्यावं लागलं. सिडनी ८१ गुणांनी हरली. इतका मोठा पराभव एका रीडमुळे झाला असं कुणी म्हणू नये. पण होम्सला वगळणं निष्ठुरपणाचं होतं, असं त्या आठवड्यात म्हणणाऱ्यांनी सरळ रेषेत पळणं आणि थकलेल्या स्नायूने चेंडूमागे अचानक झेपावणं यातला फरक ध्यानात घेतला नव्हता. दुखरा स्नायू सरावात साथ देतो आणि दुसऱ्या तासाला दगा देतो.

त्या दिवशी जीलाँगच्या संघात एक जुना सिडनीकर होता : गॅरी रोहन. दहा वर्षांपूर्वी मोडलेल्या पायामुळे सिडनीबरोबरचं विजेतेपद त्याचं हुकलं होतं. संध्याकाळी विजेत्याचं पदक गळ्यात घालून तो एमसीजीच्या हिरवळीवर उभा होता, सिडनीला हरवून.