आडव्या माणसासाठी उजेड

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा बेडरूममधल्या दिव्यांचं बहुतेक ठरून गेलेलं असतं. छताच्या मधोमध पंख्याचा हूक, दाराशेजारी स्विचबोर्ड, एका भिंतीवर उंच ट्यूबलाइटचा पॉइंट. पुणे, नाशिक, डोंबिवली, कोल्हापूर, कुठेही गेलं तरी फारसा फरक नाही. ही मांडणी उभ्या माणसासाठी असते. पण या खोलीतला माणूस दिवसाचे सात-आठ तास आडवा असतो आणि त्याचे डोळे छताकडे लागलेले असतात. उभ्याला जो दिवा सोयीचा, तोच आडव्याच्या डोळ्यांत खुपतो. म्हणून बेडरूममधल्या उजेडाचा विचार उशीपासून सुरू करावा लागतो.

जुन्या वाड्यांमध्ये भिंतीत दिवळी असे. दिवा ठेवायचा छोटासा कोनाडा, हात पोचेल इतक्या उंचीवर. तेलवातीचा उजेड मुळातच मंद, त्यामुळे जिथे काम तिथे दिवा नेला जाई. वीज आली आणि दिवा छताजवळ गेला. रात्रीसाठी मग ‘झिरोचा बल्ब’ आला. नाव शून्याचं असलं तरी तो १२ ते १५ वॅट वीज घेई. जुन्या मीटरवर इतका थोडा वापर उमटत नसे, म्हणून त्याला झिरो म्हणू लागले.

वॅटवरून उजेड ओळखण्याची सवय त्याच काळातली. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो त्याचं माप. उजेड किती पडतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ८०० ल्यूमेन उजेड द्यायचा. आज तेवढा उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. बघायचा तो ल्यूमेनचा.

दहा बाय बारा फुटांची खोली घेतली, तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर होतं. तिथल्या २० वॅटच्या एलईडी ट्यूबमधून २००० ल्यूमेनच्या आसपास उजेड निघतो. त्यातला बराचसा भिंती, पडदे आणि कपाटं शोषून घेतात. ढोबळमानाने निम्मा धरला, तर पलंगावर १०० लक्सच्या जवळपास उजेड पोचतो. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की तो एक लक्स. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत बेडरूममधल्या सर्वसाधारण उजेडासाठी ५० लक्स आणि पलंगाच्या उशाशी १५० लक्स अशी शिफारस आढळते. म्हणजे खोलीभर गरजेच्या दुप्पट उजेड आणि वाचायच्या जागी मात्र कमी, अशी एकट्या ट्यूबची गत होते. त्यात भिंतींना गडद निळा किंवा मातकट रंग दिला तर हिशेब आणखी घसरतो, कारण पांढरी भिंत बराचसा उजेड परत फेकते आणि गडद भिंत तो गिळून टाकते.

दुसरा प्रश्न उजेडाच्या रंगाचा. तो केल्विनमध्ये सांगतात: २७०० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली आणि पांढरा उजेड घरोघरी रुळला. ‘पिवळ्यात अंधारल्यासारखं वाटतं’ ही तक्रार अजूनही दुकानात ऐकू येते. प्रत्यक्षात ल्यूमेन सारखे असतील तर दोन्ही दिव्यांचा उजेड सारखाच असतो.

पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा दिवा असतो. त्यावरचा पिवळा लेप निळ्या प्रकाशाचा काही भाग पालटतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. या निळ्या दिव्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले डेव्हिड बर्सन आणि त्यांचे सहकारी डोळ्यांविषयी एक वेगळीच गोष्ट सांगत होते. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, ज्यांचं मुख्य काम दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवण्याचं. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. रात्री दहाला ६५०० केल्विनचा दिवा डोक्यावर असला, की त्या दिवस असल्याचा निरोप धाडतात आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन लांबणीवर पडतं.

नुसता पिवळा दिवा लावून हे सुटत नाही. उजेड कमीही करावा लागतो. २०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून जी मर्यादा सुचवली, ती झोपेआधीच्या तीन तासांत डोळ्यांपाशी १० लक्स आणि झोपेत १ लक्स अशी आहे. हे लक्स त्या पेशींवरच्या परिणामाच्या हिशेबाने मोजलेले असतात, म्हणून पिवळ्या दिव्याला त्यात सवलत मिळते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रयोगात २० निरोगी तरुण माणसांपैकी निम्म्यांना एक रात्र १०० लक्सच्या उजेडात झोपवलं. त्यांच्या हृदयाचे ठोके रात्री वाढलेले राहिले आणि सकाळी शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होतं. शंभर लक्स म्हणजे ट्यूब चालू ठेवून झोपणं.

यावर उपाय एकच: एका मोठ्या दिव्याऐवजी तीन-चार लहान दिवे आणि प्रत्येकाचं काम वेगळं. चादर बदलायला, केर काढायला ट्यूब असू द्यावी. संध्याकाळसाठी भिंतीवर किंवा छतावर आपटून येणारा २७०० केल्विनचा मंद दिवा हवा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना वाचायचे दिवे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, म्हणजे टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावेत. पाच वॅटचा, पुस्तकापुरता उजेड टाकणारा दिवा पुरतो, आणि शेजारच्याची झोपमोड होत नाही. कपाटाचा दिवा माणूस आणि कपाट यांच्या मधे हवा. पाठीमागे असला की आपलीच सावली कपड्यांवर पडते. आरशाचा दिवा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना.

फॉल्स सीलिंग करताना एक चूक हमखास होते. पंख्याची पाती दिव्याच्या खालून फिरतात आणि सगळी खोली लुकलुकू लागते. घरगुती पंख्याचा घेर बहुतेक १२०० मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून दोन फूट. छतातले दिवे तिथून निदान तीन फूट दूर, भिंतींकडे सरकवावेत. मंद करायचे दिवे घेताना खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलंय का ते पाहावं. जुन्या रेग्युलेटरवर साधा एलईडी फडफडतो किंवा लवकर जातो.

घरात वयस्कर माणसं असतील तर हिशेब पुन्हा बदलतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. वाचायला त्यांना जास्त उजेड लागतो, पण रात्री बाथरूमला उठल्यावर भगभगीत दिवा लागला की डोळे दिपतात आणि तोल जाण्याची भीती असते. पलंगाखाली किंवा पायाजवळ, भिंतीत वीतभर उंचीवर, सेन्सरवर लागणारा पिवळा दिवा त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा. गावाकडे वीज जाते तिथे हा दिवा आणि उशाशेजारचा एक दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा.

हे सगळं रंगकामाआधी ठरायला हवं, कारण भिंतीत खाच पाडून पाईप बसवायचे ते तेव्हाच. दिवाळीपूर्वी घर रंगवायला काढतात, तो मुहूर्त यासाठी उत्तम. आधी पलंगाची जागा पक्की करावी, मग प्रत्येक दिव्याची आणि बोर्डाची खूण खडूने भिंतीवर करावी. मोठ्या दिव्याला टू-वे स्विच हवाच: एक दाराशी, दुसरा उशाशी, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. झोपता झोपता उठून दार गाठायची वेळ येऊ नये.

काम झाल्यावर रात्री सगळे दिवे मालवून पलंगावर आडवं पडावं आणि पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावेत. एसीवरचा निळा आकडा, टीव्हीचा लाल ठिपका, चार्जरची हिरवी टिकली, दाराच्या फटीतून येणारा पॅसेजमधला उजेड असं एकेक दिसू लागतं. आकडा रिमोटवरून बंद होतो, ठिपक्यांवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा बसतो, आणि दाराखालच्या फटीला रबरी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.