खोडलेले दिसायलाच हवे

केसपेपरवर चुकीची नोंद झाली तर काय करायचे, याचा नियम सरकारी रुग्णालयात नव्या डॉक्टरला आणि सिस्टरला सुरुवातीलाच सांगितला जातो. चुकलेल्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारायची, पण खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी योग्य नोंद लिहायची आणि सही, तारीख, वेळ घालायची. व्हाइटनर लावायचा नाही, शाईने गिरवायचे नाही आणि पान फाडायचे तर मुळीच नाही.

या साध्या नियमामुळे केसपेपर वाचणाऱ्याला चार गोष्टी कळतात. आधी काय लिहिले होते, नंतर काय लिहिले, बदल कोणी केला आणि केव्हा केला. आता अनेक रुग्णालयांत केसपेपरची जागा संगणकाने घेतली आहे. नोंदी सुवाच्य झाल्या, शोधायला सोप्या झाल्या. पण आडव्या रेघेचे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.

पडदा नेहमीच स्वच्छ दिसतो

संगणकातील माहितीसाठा म्हणजे सोप्या भाषेत रकाने आखलेली मोठी नोंदवही. रुग्णाचे नाव, वय, वजन, रक्तगट, अ‍ॅलर्जी असा एकेक रकाना. साध्या पद्धतीने बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रकान्यातली माहिती बदलली की नवी माहिती जुनीच्या जागी बसते आणि जुनी नाहीशी होते. कागदावर खाडाखोड डोळ्यांना दिसते. पडद्यावर मात्र कितीही वेळा बदल झाला तरी नोंद नुकतीच लिहिल्यासारखी स्वच्छ दिसते.

एक उदाहरण घेऊ. एका रुग्णाला पूर्वी पेनिसिलिन दिल्यावर अंगावर पित्त उठले होते, श्वास घ्यायला त्रास झाला होता. तशी नोंद झाली. पुढच्या भेटीत गर्दीच्या ओपीडीत कोणी घाईने ‘अ‍ॅलर्जी नाही’ या पर्यायावर बोट ठेवले. तिसऱ्या भेटीतल्या डॉक्टरला फक्त ‘अ‍ॅलर्जी नाही’ एवढेच दिसेल. त्याने संशय घ्यावा असे पडद्यावर काहीच नसेल. उलटही घडू शकते. कधी तपासणीनंतर अ‍ॅलर्जी नसल्याचे सिद्ध होते आणि नोंद योग्य कारणाने बदलली जाते. हा बदल विचारपूर्वक झाला की चुकून, हे कळायला आधीची नोंद आणि बदलाचे कारण दोन्ही लागतात.

लहान मुलाच्या वजनाचे तसेच. नऊ महिन्यांचे असताना आठ किलो असलेले मूल वर्षाचे झाल्यावर साडेसात किलो भरले, तर ती धोक्याची घंटा आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये वजनाचा एकच रकाना असेल आणि प्रत्येक भेटीत तो बदलला जात असेल, तर वजन घटले हे कोणाच्या लक्षातच येणार नाही.

प्रत्येक बदल म्हणजे नवी आवृत्ती

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. नोंद बदलताना जुनी नोंद पुसायची नाही. तिची प्रत इतिहासाच्या वेगळ्या तक्त्यात ठेवायची आणि सोबत कोणी, केव्हा, काय बदलले हे लिहायचे. वेब अ‍ॅप्लिकेशन बनवणाऱ्यांना यासाठी तयार साधने मिळतात. ‘रुबी ऑन रेल्स’ वापरणाऱ्यांमध्ये ‘पेपर ट्रेल’ नावाचे मोफत साधन प्रसिद्ध आहे. नोंद तयार झाली, बदलली की काढून टाकली, हे ते टिपून ठेवते. बदल कोणी केला याच्या रकान्याला तर त्यांनी ‘व्हूडनइट’ असे गुप्तहेर कथेतले नाव दिले आहे. विकिपीडियाच्या पानावरचा ‘इतिहास’ पाहिला असेल, तर ही कल्पना ओळखीची वाटेल.

जुनी नोंद परत आणायची असेल तेव्हा नियम महत्त्वाचा आहे. वरच्या उदाहरणात पहिली आवृत्ती ‘अ‍ॅलर्जी आहे’, दुसरी चुकीची ‘अ‍ॅलर्जी नाही’. चूक लक्षात आल्यावर दुसरी पुसून टाकायची नाही. पहिलीतला मजकूर घेऊन तिसरी आवृत्ती तयार करायची. चुकीची दुसरी का जपायची? कारण मधल्या काळात ज्या डॉक्टरने औषध दिले, त्याने दुसरीच पाहिली होती. त्याने तो निर्णय का घेतला, हे समजायला त्या दिवशी पडद्यावर काय होते तेच पाहावे लागते.

नेहमीच्या बॅकअपने हे काम होत नाही. आग, बिघाड किंवा सायबर हल्ल्यानंतर सगळी माहिती परत मिळावी म्हणून बॅकअप असतो. एका रुग्णाची एक नोंद दुरुस्त करायला कालचा सगळा साठा परत आणला, तर आज नोंदवलेले इतर सर्वांचे रिपोर्ट आणि औषधे पुसली जातील. एकाच रुग्णाची संपूर्ण फाइल मागे नेली तरी हाच धोका छोट्या प्रमाणात असतो. म्हणून जी बाब चुकली तेवढीच मागे नेता आली पाहिजे.

घटनेची वेळ, नोंदीची वेळ

वैद्यकीय नोंदीत दोन वेळा असतात. उपचार कधी झाले ती एक आणि नोंद कधी केली ती दुसरी. अपघातातील रुग्णाचा जीव वाचवताना कोणी लिहीत बसत नाही. दहा वाजता दिलेल्या इंजेक्शनची नोंद बारा वाजता होते आणि ‘उशिरा केलेली नोंद’ असे लिहिले तर त्यात गैर काही नाही. मात्र पहिली वेळ माणूस सांगतो. दुसरी संगणकाने आपोआप टिपली पाहिजे आणि ती कोणालाही बदलता येता कामा नये.

या दुसऱ्या वेळेचे महत्त्व इंग्लंडमधील हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरच्या खटल्यात जगाला दिसले. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात दवाखाना चालवणारा शिपमन आपल्या वृद्ध रुग्णांना डायमॉर्फिन टोचून मारत होता. मृत्यू नैसर्गिक वाटावा म्हणून तो दवाखान्यातील संगणकात मागच्या तारखा घालून हृदयविकाराच्या लक्षणांच्या खोट्या नोंदी करत असे. पडद्यावर त्या नोंदी जुन्याच दिसत. पण नोंद प्रत्यक्षात कधी टाइप झाली, हेही संगणक स्वतंत्रपणे टिपत होता. तपासात उघड झाले की एका रुग्ण महिलेच्या मृत्यूच्याच दिवशी, तिच्या मृत्यूनंतर, अशा नोंदी घातल्या गेल्या होत्या. ३१ जानेवारी २००० रोजी न्यायालयाने त्याला १५ खुनांसाठी दोषी ठरवले. नंतरच्या चौकशीत बळींची संख्या किमान २१५ असल्याचे निष्पन्न झाले.

असा डॉक्टर विरळाच. पण जो इतिहास गुन्हेगाराला उघडा पाडतो, तोच प्रामाणिक डॉक्टरचा बचावही करतो. ‘रिपोर्ट नंतर बदलला’ असा आरोप झाला, तर बदल झाला नसल्याचा तोच पुरावा ठरतो.

आपल्याकडे काय आहे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील सी-डॅकमध्ये आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये माहितीची देवाणघेवाण एफएचआयआर, म्हणजे ‘फायर’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने होते. या पद्धतीत नोंदीला आवृत्ती क्रमांक आणि बदलाची वेळ देण्याची सोय आहे. लॅबचा रिपोर्ट प्राथमिक आहे, अंतिम आहे की दुरुस्त केलेला आहे, हेही त्यात नमूद करता येते. चुकून झालेली नोंद नाहीशी करण्याऐवजी ‘चुकून नोंदवली’ असा शिक्का मारता येतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तुमचा १४ अंकी आभा क्रमांक असला तरी तुमच्या नोंदी दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या संगणकात साठत नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्येच राहतात. म्हणजे इतिहास जपला जातो की नाही, हे त्या रुग्णालयाने कोणते सॉफ्टवेअर घेतले यावर ठरते.

उत्तम सॉफ्टवेअरही एका सवयीपुढे हरते. वॉर्डातल्या सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरला, तर ‘बदल कोणी केला’ या रकान्यात दिवसभर एकच नाव दिसेल आणि त्याला काही अर्थ उरणार नाही.

गोपनीयतेचाही विचार हवा. एखाद्याच्या फाइलवर चुकून ‘एचआयव्ही बाधित’ अशी नोंद पडली, तर दुरुस्तीनंतर ती रोजच्या पडद्यावर कोणालाही दिसता कामा नये. ती इतिहासात राहील, पण तो उघडण्याचा अधिकार मोजक्याच जबाबदार व्यक्तींना असावा आणि कोणी उघडला तर त्याचीही नोंद व्हावी.

रुग्णांनी काय करावे?

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे.

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर नाव, वय, रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि औषधांची मात्रा तिथेच वाचून पाहा. चूक आढळली तर लेखी दुरुस्ती मागा आणि दुरुस्तीची तारीख असलेली प्रत घ्या. लॅबने दुसरा रिपोर्ट पाठवला, तर त्यावर ‘सुधारित’ असे लिहिले आहे का आणि नेमके काय बदलले, हे विचारा. मोबाइलमधला जुना रिपोर्टही जपून ठेवा, मात्र पुढच्या डॉक्टरला दाखवताना कोणता जुना आणि कोणता सुधारित हे आवर्जून सांगा. औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर संगणकात आहे म्हणून गप्प बसू नका. प्रत्येक नव्या डॉक्टरला ती तोंडाने सांगा.

नर्सिंग होमसाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्या डॉक्टरमित्रांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. बदललेली जुनी नोंद मला दाखवता येते का? बदलाची वेळ आणि नाव कोणालाही, अगदी मलाही, पुसता येत नाही ना? आणि एका रुग्णाची एक चुकलेली नोंद, बाकीच्यांना धक्का न लावता, परत आणता येते का? तिन्ही उत्तरे विक्रेत्याला तोंडी सांगू देऊ नका. ती संगणकावर प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा आणि मगच सॉफ्टवेअर घ्या.