वळिवडे आणि गांधीनगर : एका जागेच्या दोन स्मृती

प्रस्तावना

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वळिवडे हे गाव आहे. या गावाच्या परिसरात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी वसलेली होती. ती रिकामी झाल्यावर त्याच बराकींत फाळणीमुळे सिंध सोडावा लागलेली कुटुंबे राहावयास आली आणि वसाहतीस गांधीनगर हे नाव मिळाले. पहिल्या निर्वासितांची आठवण आज स्मारके, समारंभ व वृत्तपत्रीय लेख यांतून जपली जाते. दुसऱ्या निर्वासितांची ओळख मात्र बहुतेकांच्या लेखी 'कापडाची घाऊक बाजारपेठ' या शब्दांपाशी थांबते. दोन्ही समूह एकाच दशकात, एकाच छपराखाली राहिले असता हा फरक का पडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्मृती ही समाजाची निर्मिती

स्मरण ही व्यक्तीच्या मनात घडणारी क्रिया असली तरी काय आठवावयाचे हे तिचा समाज ठरवितो, असा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडला. (स्वतः हाल्बवाक्स १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावले.) कुटुंब, धर्मसमूह, वर्ग यांच्या चौकटीत जी आठवण बसते ती टिकते, चौकट मोडली की आठवणही विरते. हैतीत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ मिशेल-रोल्फ ट्रुयो यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. इतिहासातील मौन हे एकदाच निर्माण होत नाही. साधने तयार होताना, ती दप्तरात जमा होताना, त्यांतून कथन रचले जाताना आणि शेवटी त्या कथनाला महत्त्व दिले जाताना अशा चार प्रसंगी काही गोष्टी गळतात. येथे विस्मरण आणि दुर्लक्ष यांत भेद करणे आवश्यक आहे. जे एकदा ठाऊक होते ते विसरले जाते; ज्याची कधी नोंदच घेतली गेली नाही ते विसरलेही जात नाही, त्याकडे दुर्लक्ष झालेले असते. वळिवड्याच्या भूमीवर हे दोन्ही प्रकार आढळतात.

पोलिश छावणीची स्मृती

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि १९४० पासून तेथील लक्षावधी नागरिकांची सैबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत रवानगी झाली. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर १९४१ मध्ये सोव्हिएत सरकार व लंडनस्थित पोलिश सरकार यांच्यात करार झाला. त्यामुळे सुटका झालेल्यांपैकी अनेक जण १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्यासमवेत कास्पियन समुद्रामार्गे इराणात पोहोचले. त्यांतील स्त्रिया, मुले व वृद्ध यांना पुढे पूर्व आफ्रिका, मेक्सिको, भारत येथे आश्रय मिळाला. भारतात प्रथम नवानगर संस्थानातील बालाचडी येथे मुलांची छावणी झाली; वळिवड्याची छावणी त्याहून बरीच मोठी होती. तेथे शाळा, चर्च, रुग्णालय, नाटके, स्काउट पथके असे एक संपूर्ण पोलिश गावच उभे राहिले. १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि या लोकांना परतावयास देश उरला नाही. त्यांतील थोडे पोलंडला गेले. बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा येथे पांगले.

विशेष असे की, ही स्मृती स्वतः पोलंडमध्ये दीर्घकाळ मुकी होती. वळिवड्याची आठवण सांगावयाची तर तेथवर पोहोचण्याचे कारण, म्हणजे सोव्हिएत हद्दपारी, सांगावे लागे; आणि कम्युनिस्ट राजवटीत १९८९ पर्यंत ते जाहीरपणे बोलणे शक्य नव्हते. ती जपली ती विदेशांत स्थायिक झालेल्यांनी. त्यांनी संघटना स्थापिली, आठवणी ग्रंथबद्ध केल्या आणि वार्धक्यात ते कोल्हापुरास पुन्हा येऊ लागले. महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ हे या प्रयत्नांचे फळ होय. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडच्या शासकीय प्रतिनिधींच्या उपस्थितीत वळिवडे येथे स्मारकाचे अनावरण झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास पुष्पचक्र अर्पण केल्यावर हा विषय मराठी घरांतही पोहोचला. जे निघून गेले त्यांनी ही जागा लक्षात ठेवली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या कथनात एक लक्षणीय बदल होत गेला आहे. लोकप्रिय लेखांत व भाषणांत 'कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश निर्वासितांना आश्रय दिला' असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक छत्रपती राजाराम महाराजांचे निधन १९४० मध्येच झाले होते. १९४२ मध्ये दत्तक घेतलेले शिवाजी महाराज छावणी उघडली तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते, आणि शहाजी महाराज गादीवर आले ते १९४७ मध्ये. छावणीच्या बहुतांश काळात संस्थानात महाराणी ताराबाई यांच्या नेतृत्वाखालील रीजन्सी होती. छावणीची उभारणी हिंदुस्थान सरकारने केली आणि खर्चाचा भार पोलिश सरकारने उचलला. संस्थानाचे सहकार्य यात महत्त्वाचे होते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु रीजन्सी, सरकारी खाती, युद्धकालीन पत्रव्यवहार यांची कथा होत नाही, दयाळू राजाची होते. त्यात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचा नमुना समोर होता. कोल्हापूरच्या स्मरणपरंपरेतही राजाचे स्थान अढळ आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीस, ६ मे २०२२ रोजी, हे शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. अशा नगरीत छावणीची आठवण राजाच्या आठवणीत मिसळून जाणे स्वाभाविक म्हणावे लागेल. मात्र त्यात महाराणी ताराबाईंचे नाव गळले, ही गोष्ट स्वाभाविक म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

सिंधी स्मृतीचे मौन

गांधीनगरच्या सिंधी समाजाची स्थिती नेमकी उलट आहे. ते परत गेले नाहीत, येथलेच झाले. पाहुणा निरोप घेऊन गेला की त्याचे कौतुक करणे सोपे असते. शेजारी राहून दुकान थाटणाऱ्याचे दुःख कोणी विचारीत नाही. त्यांच्या आगमनाची कथा सांगावयाची तर फाळणी सांगावी लागते आणि त्यात यजमानाच्या औदार्याला फारसा वाव नाही. फाळणीच्या लेखनातही पंजाब व बंगाल यांना अग्रस्थान मिळाले. सिंध अखंडपणे पाकिस्तानात गेल्याने सिंधी हिंदूंना भारतात स्वतःचा प्रांत राहिला नाही, आणि स्मृती जपणारी शासकीय चौकटही नाही. उल्हासनगर, पिंपरी, गांधीनगर अशा विखुरलेल्या वसाहतींत ते वाटले गेले. सिंधी भाषेचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला तो १९६७ मध्ये. शिवाय जुन्या पिढीचे लेखन अरबी वळणाच्या लिपीत, तर नातवंडांचे शिक्षण मराठी, हिंदी वा इंग्रजीत. आजोबांचे पत्र घरातच असून वाचता न येणे, हा विस्मरणाचा फार साधा आणि फार प्रभावी मार्ग आहे.

समाजाने स्वतःही मौन पत्करले असणे शक्य आहे. 'निर्वासित' ही ओळख पुसून 'व्यापारी' ही ओळख मिळविण्यात एका पिढीचे आयुष्य गेले. जी ओळख कष्टाने पुसली तिचे स्मारक उभारण्याची इच्छा कशी व्हावी? तथापि व्यापारातील यशालाच इतिहास समजून स्थानिक अभ्यासकांनी येथे पुढे चौकशी केली नाही, हेही खरे.

अमेरिकेतील मॅन्झनार येथील उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना स्थानबद्ध केले. कॅलिफोर्नियातील मॅन्झनार ही त्यांच्या छावण्यांपैकी एक. १९६९ पासून माजी स्थानबद्ध व त्यांचे वंशज तेथे यात्रेसारखे जाऊ लागले, १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने क्षमायाचना व भरपाईचा कायदा केला आणि १९९२ मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. परंतु त्याच ओवेन्स खोऱ्यातून १८६३ मध्ये पायुट आदिवासींना सैन्याने हाकलले होते, ही गोष्ट अमेरिकेतही फार थोड्यांना आठवते. वरचा थर स्मारक झाला, खालचा जमिनीतच राहिला. वळिवड्यास मात्र खालचा थर उजळला आणि वरचा, ज्यावर माणसे आजही राहतात, तो दिसेनासा झाला.

उपलब्ध साधने

या मौनाचा अभ्यास करण्यास वेळ थोडा आहे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकलेले आहे. त्यांच्या मुलाखती, घरोघरची कागदपत्रे, जुनी छायाचित्रे, ग्रामपंचायतीची दप्तरे आणि कोल्हापूर पुरालेखागारातील संस्थानकालीन कागद ही साधने महाविद्यालयीन विभागांच्या आवाक्यातील आहेत. त्यांत आणखी एका समूहाची भर घालावी लागेल. पाच हजारांच्या छावणीला रोज दूध, भाजी, जळण लागत असणार, आणि ते पुरविणारे हात परिसरातल्या गावांचेच असणार. पोलिश आठवणींत हे लोक असलेच तर पार्श्वभूमीपुरते असतात, सिंधी आठवणी लिहिल्याच गेल्या नाहीत, आणि वळिवड्याच्या शेतकऱ्याला, धुणे धुणाऱ्या बाईला 'तुम्ही काय पाहिले' असे विचारण्यास अजून कोणी गेलेले दिसत नाही. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पास सिंधी, मराठी व देवनागरीबरोबरच अरबी-सिंधी लिपी वाचणारा एक तरी जाणकार लागेल. असा माणूस गांधीनगरच्या वृद्धांमध्ये शोधल्यास आजही सापडू शकेल.