खांदा दुखतो, पण नेमके दुखते काय?



गळीत हंगाम ऐन भरात आला की फडात एक तक्रार हमखास कानी येते, "खांदा लई भरून आलाय." आपल्या शिरूर कासार भागात तर ही घरोघरची गोष्ट. कोणी स्वतःचा ऊस सांभाळतो, कोणी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो. दिवसभर कोयता चालवायचा आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. उचल घेतलेली, खाडा परवडत नाही. मग गोळी खाऊन काम रेटले जाते. पण खांद्याची सगळी दुखणी एका जातीची नसतात. एकाला जो उपाय, तोच दुसऱ्याला अपाय. म्हणून आधी निदान, मग औषध.

खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. उथळ बशीत लिंबू ठेवावे तसा हा सांधा. म्हणूनच हात चौफेर फिरतो. हे लिंबू जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे चार स्नायू आणि त्यांचे पट्टे. बहुतेक दुखणी या पट्ट्यांचीच असतात.

डॉक्टर तपासताना मुख्यतः पुढील गोष्टी पाहतात :

१) रोग्याने स्वतः हात बाजूने वर न्यावा. मधल्या टप्प्यात कळ येते आणि पुढे वर गेल्यावर कमी होते, असे झाले तर पट्टा हाडाखाली चेंगरत असण्याचा संभव असतो.

२) रोग्याने हात सैल सोडावा व दुसऱ्याने तो सावकाश उचलावा. स्वतःला उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज जातो, तर पट्टा कमजोर झाला किंवा फाटला असावा. दोन्ही प्रकारे अडतो आणि कोपर कमरेला लावून हात बाहेर वळवतानाही अडतो, तर खांदा आखडलेला असावा. हा प्रकार चाळिशी ते साठीत, स्त्रियांत व मधुमेह्यांत जास्त. तेव्हा रक्तातील साखर तपासून घ्यावी. सांध्याची झीज झाली असली तरीही हात असाच अडतो. तो फरक एक्स-रेत कळतो.

३) मान वळवली की कळ वाढते, ती कोपराखाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, तर मूळ मानेत असू शकते. अशा वेळी खांदा कितीही चोळला तरी गुण येत नाही.

एक्स-रेत हाडे दिसतात, फाटलेला पट्टा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. लागते. "फोटो चांगला आला, म्हणजे काही नाही" असे समजू नये.

हा फरक का महत्त्वाचा? आखडलेला खांदा नेमाने, सोसेल तेवढ्या व्यायामाने हळूहळू मोकळा होतो. मात्र त्याला कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात. फाटलेल्या पट्ट्यावर तोच जोर लावला, मोळ्या उचलणे चालू ठेवले, तर चीर वाढते. वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्याने कळ दबते, पण पोट व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

पुढील लक्षणे दिसताच थांबू नये : पडल्यावर खांद्याचा आकार बदलणे किंवा हात मुळीच न उचलणे, ताप येऊन सांधा सुजणे व लाल होणे, डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छाती भरून येणे, घाम सुटणे, दम लागणे. हे शेवटचे दुखणे हृदयाचे असू शकते. पडल्यावर निखळलेला खांदा कोणाकडूनही ओढून बसवून घेऊ नये. हात गळ्यातल्या झोळीत बांधून थेट दवाखाना गाठावा. पुढील तपासणीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे.

सभासदांना एकच विनंती. घरातला असो की फडावरच्या टोळीतला, खांद्याचे दुखणे दोन-तीन आठवड्यांत हटले नाही तर त्याला मोळी वाहायला लावू नका, तपासून आणा. चार दिवसांचा खाडा भरून काढता येतो, गेलेला हात भरून निघत नाही.