फोनची मेमरी: ओटा आणि फडताळ

आपण पैठण गेटला फोन घ्यायला गेलो की पहिलं विचारतो, "किती जीबी?" पण मेमरी दोन प्रकारची असते. स्टोरेज म्हणजे फडताळ, तिथे फोटो-व्हिडिओ साठतात. रॅम म्हणजे ओटा, चालू काम त्यावर होतं. ओटाच लहान असेल, तर फडताळ रिकामं करून फारसा उपयोग नाही.

ऑगस्ट 2021 आठवा. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले. रॅम होती 2 जीबी. पोषण ट्रॅकर त्यावर धड चालेना, ही त्यांची तक्रार. अ‍ॅप अडकलं की बाळाच्या वजनाची नोंद अडकते.

म्हणून आपण आधी काम बघू, मग जीबी. आणि काम ज्यानं लावलं, त्यानंच त्याला पुरेल असा फोन द्यावा.