अंग ठणकतं, रिपोर्ट मात्र नॉर्मल

शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत पसरलेलं आणि तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे दीर्घकालीन सर्वांगवेदना. तिच्या जोडीला न उतरणारा थकवा, रात्रभर झोपूनही सकाळी शिणलेलं अंग, लक्ष न लागणं आणि पोटाच्या तक्रारी असतील, तर डॉक्टर फायब्रोमायल्जियाचं निदान करतात. सांध्याला सूज नसते, रक्ताचे रिपोर्ट ठीक येतात, एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. १९९० साली अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निदानासाठी अंगावरचे १८ बिंदू ठरवले होते; त्यांतले ११ दाबल्यावर दुखले, की निदान पक्कं व्हायचं. २०१० मध्ये ही अट काढून दुखण्याचा पसारा, झोप आणि थकवा यांना महत्त्व देण्यात आलं. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात असं दुखणं हा स्वतंत्र आजार मानला आहे. त्यामुळे रिपोर्टमध्ये काही नाही म्हणून दुखणंच खोटं, असं कोणत्याही डॉक्टरने रुग्णाला सांगू नये.

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातलं शेलूबाजार हे आसपासच्या खेड्यांचं बाजाराचं गाव. समृद्धी महामार्ग इथून गेला, तरी शिवारातली कामं तीच आहेत: सोयाबीन, तूर, कपाशी आणि रब्बीत हरभरा. सोयाबीनच्या सोंगणीत बाई कमरेत वाकलेली असते. डाव्या मुठीत झाडांचा झुबका, उजव्या हातात विळा, वाळलेल्या शेंगांची टोकं बोटांना टोचत असतात, आणि सोंगणी गुत्त्याने घेतलेली असली तर पाठ सरळ करायला दोन मिनिटंही मिळत नाहीत. त्याआधी पावसाळ्यात निंदण झालेलं असतं, नंतर कपाशीची वेचणी असते, आणि घरी पोचल्यावर चूल. अशा कामाने अंग दुखणं साहजिक आहे आणि चार दिवसांच्या विश्रांतीने ते उतरतंही. काम संपल्यावर महिने लोटले तरी ते उतरत नसेल, तर मात्र दुखणं वेगळं आहे.

गावखेड्यातलं दुखणं मोजण्याचं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे किंवा स्नायूंचं दुखणं होतं. आमवाती संधिवात म्हणजे ऱ्हुमटॉइड निघाला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकीचा मोठा वाटा सांध्यांच्या झिजेचा, स्नायू आणि मऊ ऊतींच्या दुखण्यांचा आणि कोणत्याच नावात नीट न बसणाऱ्या अंगदुखीचा होता. या शेवटच्या गटाकडे दवाखान्यात सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, आणि आयुर्वेदाकडे वळणारे बरेच रुग्ण त्याच गटातले असतात.

उपचार कोणताही घ्यायचा असो, आधी तपासणी हवी. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडं मऊ पडणं, मधुमेहाने नसा बिघडणं या सगळ्यांत अंग दुखू शकतं, आणि या सगळ्यांवर इलाज आहे. २००६ च्या मोठ्या साथीनंतर चिकुनगुन्या महाराष्ट्राला चांगलाच परिचयाचा झाला. ताप गेल्यावरही त्याचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे हाडं आणि सांधे आखडण्याचा त्रास आहे. म्हणून हिमोग्लोबिन, ईएसआर, साखर, थायरॉइड एवढ्या साध्या तपासण्या चुकवू नयेत. वजन घटणं, रात्री येणारा ताप, एखाद्या अवयवाची शक्ती जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांपैकी काही असेल तर तेल-शेक बाजूला ठेवून आधी मोठ्या रुग्णालयात जावं.

इतर काहीच सापडलं नाही, तर दुखणं वेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेतच असतं. मज्जारज्जू आणि मेंदू साध्या स्पर्शालाही इजा समजू लागतात. राखणीचा कुत्रा एकदा बिथरला की पान हललं तरी भुंकतो, तसंच हे. अपुरी झोप, काळजी आणि सततचा शीण यांनी ही यंत्रणा आणखी बिथरते.

आयुर्वेदात फायब्रोमायल्जिया या नावाचा रोग नाही. वैद्य त्याला वातव्याधीत, म्हणजे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शोधतात, किंवा माधवनिदानातल्या आमवाताशी ताडून पाहतात. उपचाराची दिशा या निवडीवर ठरते. जीभ पांढरट, भूक मेलेली, अंग जड आणि सकाळी ताठरलेलं असेल, तर वैद्य त्याला साम अवस्था म्हणतात. अशा रुग्णाला लगेच तेल चोळत नाहीत. आधी सुंठीचं पाणी, हलकं जेवण आणि कोरडा शेक. त्याउलट अंग कोरडं, झोप उडालेली, मलावरोध आणि जागा बदलत फिरणारं दुखणं असेल, तर तो निव्वळ वात. तिथे तेल हाच पहिला उपाय. सगळ्यांना सरसकट एकच मालिश करून देणाऱ्या केंद्रात हा विचारच हरवतो.

कोरड्या शेकाला वालुकास्वेद म्हणतात आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. चाळलेली कोरडी वाळू जाड सुती कापडात बांधून पुरचुंडी करायची, ती तव्यावर तापवायची आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या मनगटावर लावून पाहूनच दुखऱ्या जागी टेकवायची. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला चटका कळत नाही. तिथे हा शेक नको. लाल, गरम, सुजलेल्या सांध्यावरही नको. तेलाच्या अभ्यंगासाठी तिळाचं तेल, निरगुडीचं किंवा महानारायण तेल वापरतात; कोमट करून हलक्या हाताने चोळायचं आणि नंतर गरम पाण्याने अंघोळ. वातावर बस्ती हा मुख्य उपचार मानला जातो. दशमुळाच्या काढ्याचा निरूह आणि तेलाचा अनुवासन बस्ती हे मात्र वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचे. त्यासाठी अकोला आणि अमरावतीच्या आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालयं वाशीमकरांना त्यातल्या त्यात जवळची आहेत.

आमवातात लंघन सांगितलेलं आहे, पण ते पोथीतून जसंच्या तसं उचलणं धोक्याचं आहे. दिवसभर सोंगणी करणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईला उपाशी ठेवणं हा उपचार होऊ शकत नाही. तिच्यासाठी लंघनाचा अर्थ एवढाच: रात्री उशिराचं जड जेवण आणि शिळं टाळणं, दही बंद करणं, ताजी भाकर, वरण आणि पालेभाजी वेळेवर खाणं.

पोटात घ्यायच्या औषधांत महारास्नादी काढा, योगराज गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ आणि अश्वगंधा यांची नावं सर्रास घेतली जातात. फायब्रोमायल्जियावर त्यांच्या मोठ्या, भक्कम चाचण्या झालेल्या नाहीत; या दुखण्यावर आयुर्वेदाचे जे अभ्यास आहेत ते लहान आहेत. गुडघ्याच्या झिजेवर मात्र डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, सल्लकी असलेल्या आयुर्वेदिक मिश्रणांची ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी २४ आठवडे तुलना केली. २०१३ मध्ये छापून आलेल्या या चाचणीत मिश्रणं वेदना कमी करण्यात त्यांच्या तोडीस तोड ठरली. पण काही रुग्णांत यकृताच्या चाचणीतला एसजीपीटी वाढला. मुंबईतल्या डॉक्टरांनीही २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, महिनोन्‌महिने औषध चालू असेल तर यकृताची तपासणी करून घेण्यात शहाणपण आहे. गर्भारपणात यातलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये; थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा आणि गुग्गुळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

योगराज आणि महायोगराज या दोन नावांतला फरकही ध्यानात ठेवावा. महायोगराजात नागभस्म आणि रससिंदूर, म्हणजे शिसं आणि पाऱ्याची संस्कारित रूपं असतात. बॉस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. भस्मांची औषधं परवानाधारक कंपनीचीच, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या काळापुरती आणि वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

बाजारात कागदात बांधून मिळणारी बिननावाची पुडी त्याहून घातक. दोन दिवसांत दुखणं गायब झालं, भूक दुप्पट झाली आणि महिन्याभरात चेहरा गोल दिसू लागला, तर त्या पुडीत जडीबुटीऐवजी स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. साखर आणि रक्तदाब वाढतात, हाडं ठिसूळ होतात. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केली, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. म्हणून ती फेकून न देता डॉक्टरांकडे न्यावी. औषध हळूहळू उतरवावं लागतं. संधिवात हमखास बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंतींवर आणि मोबाइलवर त्या दिसतातच.

युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियावरचे उपचार पारखले, तेव्हा सर्वांत जोरदार शिफारस फक्त व्यायामाला मिळाली. आयुर्वेदाने व्यायामाची मर्यादा अर्ध्या शक्तीवर ठेवली आहे: कपाळ आणि काखेत घाम आला, श्वास तोंडाने घ्यावा लागला, की थांबायचं. या रुग्णांसाठी हा नियम फार उपयोगाचा आहे, कारण पहिल्याच दिवशी जोरात सुरुवात केली तर दुखणं दुपटीने उसळतं. सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालण्याने करावी आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी. शेतात दिवसभर राबणाऱ्यालाही हे लागू आहे. तासन्‌तास एकाच अंगाने वाकून केलेलं काम स्नायूंना थकवतं, व्यायामासारखी मोकळीक देत नाही. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर झोपेला चरकाने शरीराचा आधारस्तंभ म्हटलं आहे. झोपेची वेळ ठरवणं, संध्याकाळनंतरचा चहा बंद करणं आणि झोपण्याआधी तळपायाला तेल चोळणं एवढंही महिन्याभरात फरक दाखवू शकतं. ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन अशी गोळी चालू असेल, तर तेल-शेक सुरू केला म्हणून ती मनाने सोडू नये.

फरक पडतो आहे का, हे आठवणीवर सोडू नये. दर रविवारी एका वहीत दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यावेत. झोपेचे तास आणि न थांबता करता आलेलं काम तिथेच लिहावं. दुखणं शून्यावर येणं सहसा घडत नाही. आठावरून पाचावर आलं आणि झोप दोन तासांनी वाढली, तर उपचार योग्य चालला आहे असं समजावं. तीन महिन्यांत वहीतले आकडे हलले नाहीत, तर ती वही घेऊन वैद्य आणि डॉक्टर दोघांकडे जावं आणि निदानच पुन्हा तपासून घ्यावं.